गेटावरचं मानूस

हा नंबर म्हनायचा शबुद ज्यानं आमच्या गावात आनला त्याच्या तोंडात माती पडो. मी तानुबाई, आश्रुबाची थोरली बहीन. शिव्या देनारी बाई म्हनून गावात माझं नाव हाय, पन ह्या शबदाला देयाला मला शिवीबी पुरत न्हाई.

पहिलं रानाला नाव असायचं. चिंचंचं रान, वड्याकडलं रान, पांढरीतलं रान. मोजनीवाले आले, साखळ्या वढल्या आन रानाला नंबर झाला. पोरगं साळंत घातलं की त्याचा नंबर कितवा. गिरनीवर दळन ठिवलं की नंबर. म्हातारीला सुई दिसंना तर परभनीचा डाक्टर म्हनला, डोळ्याचा नंबर वाढला. आकडा लावनारे पोट्टे सकाळपून पारावर एकमेकाला इचारतेत, आज कोनता नंबर आला. कुनी मेलं तरी लोक बिडी वढत म्हनतेत, लागला त्याचा नंबर. माझ्या नवऱ्यानं दुसरी करून आनली. लगीन पहिलं माझं, पन घरात नंबर दुसरा माझा. तिचं ताट आधी, माझं मागून. एक दिस मी ताटच अंगनात फेकलं, गठुडं बांधलं आन भावाच्या दारात येऊन बसले.

आश्रुबानं इचारलं न्हाई, का आलीस म्हनून. त्याची बायकू मनकर्णा म्होरं झाली, गठुडं सोडलं, लुगडी झटकून वळनीवर टाकली आन म्हनली, "आक्का, चुलीम्होरं या. भाकर ऊन हाय." त्या दिसापून ते घर माझं.

मग क्यानल आला. क्यानलसंगं पान्याचा नंबर आला, आन त्या नंबरानं माझा भाऊ खाल्ला.

आमचं गाव पिंगळीच्या ठेसनापून लांब न्हाई. वारा इकडला असला तर रेल्वेची शिट्टी रानात आयकू येती. गावाच्या वरल्या अंगानं क्यानल जातो. त्याला आमच्या शिवाराचं एकच गेट. शिमिटाचा कट्टा, मधून उभी लोखंडी सळई, वर फिरवायचं चाक. चाक फिरवलं की पानी चारीत उतरतं, आन चारीतून ज्याच्या त्याच्या रानात. पानी सोडनारा सरकारी पाटकरी कागदावर नंबर ल्हिवायचा, पन ज्याच्या घरी कोंबडं कापलं त्याचा नंबर कागदावर वर सरकायचा. त्यावरून डोस्की फुटाया लागली. मग गाव मारुतीच्या पारावर बसलं आन ठरीवलं, कागद सरकारचा सरकारला. आपलं असं, ज्याचा नंबर त्याच्या घरचं मानूस गेटावर. चाक फिरवल्यापून रान भिजंस्तोर त्या मानसानं कट्ट्यावरून उतरायचं न्हाई. पाय खाली लागला की नंबर गेला, म्होरल्यानं वर चढायचं.

लोकांनी पाळलंबी ते. महालिंगआप्पाचं रान आमच्या बांधाला लागून, त्यांचा नंबर आमच्या मागं. लिंगायत मानूस, आंघोळ आन पूजा केल्याबिगर पान्याचा घोट घेत न्हाई. त्यांचा नंबर सकाळचा लागला तर आप्पा गेटावरच वल्या धोतरानं उभे ऱ्हायचे, गळ्यातलं लिंग तळहातावर घ्यायचे आन तिथंच पूजा करायचे. खालून पोरं हसायची. आप्पाबी हसायचे. म्हनायचे, "देवाला चालतंय रं, नंबर जाऊ नये."

त्या सालाला पावसानं दगा दिला. धरनात पानी कमी. सरकारनं सांगितलं, उन्हाळ्याला पान्याच्या दोनच पाळ्या मिळतील. आमी भुईमूग पेरला व्हता. जिमीन तेवढीच, पीक तेवढंच, वर्साचं खानं त्यातच. दोन पाळ्या बसल्या तर शेंगा भरनार, न्हाई तर पाला बैलाला.

पहिल्या पाळीला गेटावर मी उभी ऱ्हायले. आश्रुबा आन मनकर्णा रानात दारं धरीत व्हते. एका वाफ्याचं दार फोडायचं, दुसऱ्याचं बांधायचं, ते दोघांबिगर उरकत न्हाई. मी म्हनलं, मी रिकामीच हाय, मी उभी ऱ्हाते. ऊन डोक्यावर आलं तसा दिनकरराव फटफटीवर आला. मागं त्याचा सालदार चंद्रभान. दिनकररावाची क्यानलच्या कडंनं लांबच्या लांब केळी. त्याचा नंबर होऊन गेला व्हता, पन केळीला कितीबी पाजलं तरी ती तहानलेलीच.

दिनकररावानं माझ्याकडं बघितलंबी न्हाई. चंद्रभानला म्हनला, "गेट रिकामं दिसायलंय की रं."

"आन मी काय दगड हाय का?" मी म्हनलं.

"मानूस पायजे गेटावर, तानुबाई. बाईचं काय पारावर ठरलं न्हवतं. तेबी टाकलेली बाई."

मी म्हनलं, "तुज्या मायनं तुला काढलं तवा ती मानूस व्हती का म्हैस?"

माझं तोंड वाईट हाय, मी न्हाई म्हनत न्हाई. चंद्रभान कट्ट्यावर चढला, माझा आंबाडा धरला आन मला खाली वढलं. मी दगडावर गुडघ्यावर पडले. त्यानं केस सोडले न्हाईत, तसंच फरफटत चारीच्या बाजूला नेलं. मी त्याच्या आंगठ्याला चावले, रगत तोंडात आलं तरी सोडलं न्हाई. मग त्यानं माझ्या कानशिलावर अशी ठिवून दिली की मला बराच येळ शिट्टी आयकू येत व्हती, आन त्या वक्ताला रेल्वे न्हवती. आजूबाजूच्या रानात लोक व्हते. खुरपं हातात धरून उभे ऱ्हायले, बघत ऱ्हायले.

आश्रुबा फावडं घेऊन पळत आला तवा चंद्रभान गेटावर बसून बिडी वढायला व्हता. पानी केळीला लागलं व्हतं.

संध्याकाळी गाव पारावर बसलं. मी केसाचा उपटलेला पुंजका पदरात बांधून नेला व्हता. सगळ्यांच्या म्होरं टाकला. पोलीस पाटील माणिकराव, त्याची जिमीन दिनकररावाच्या बांधाला, त्यो घसा खाकरून म्हनला, "झालं ते वाईट झालं. पन बाईचं ठरलं न्हवतं हे खरं हाय."

महालिंगआप्पा एकटे उठले. "आमच्यात पोरगी जलमली तरी तिला लिंग बांधतेत, पोराला बांधतेत तसंच. तिला मानूस न्हाई कसं म्हनावं?"

"तुमचं निराळं हाय आप्पा," कुनी तरी म्हनलं, आन लोक धोतरं झटकून उठले.  घरी येताना आश्रुबानं माझा पुंजका उचलून आनला व्हता. चुलीत टाकला आन म्हनला, "आक्का, म्होरल्या पाळीला मी उभा ऱ्हातो. मला कोन मानूस न्हाई म्हनतंय बघू."

त्या पाळीत खालचंच अंग भिजलं व्हतं, वरल्या अंगाचा भुईमूग गेला. पानं आधी पिवळी, मग कागदासारखी झाली. मनकर्णा आन मी त्यो उपटून बैलाम्होरं टाकला. मुळीला शेंगा न्हवत्या, शेंग धरायच्या आधीच्या नुसत्या सुया. खालचं अंग तेवढं हिरवं व्हतं, ते जगवायचं व्हतं. रानातला आड गाळानं भरला व्हता. तळाला पानी व्हतं, घागर बुडंना. मनकर्णा दोर कमरंला बांधून आत उतरायची, वाटीनं घागर भरायची, मी वर वढायची. माझ्या तळहाताची सालं निघाली, तिच्या पाठीला आडाचे दगड घासून चट्टे पडले. तेवढ्या पान्यानं काय व्हतंय? मुळ्या वल्या करायच्या, जीव धरून ऱ्हावा म्हनून. मनकर्णा रोपाशी बसून माती हातानं मोकळी करायची आन पुटपुटायची, "ऱ्हाय गं माय, पाळी येईस्तोर ऱ्हाय."

मधी एकदा आमी दोघी गिरनीवर गेलाव. डबे रांगेत ठिवलेले, आमचा डबा मधी. चंद्रभान दिनकररावाचं दळन घेऊन आला. आमचा डबा त्यानं पायानं सरकीवला. जवारी खाली सांडली. म्हनला, "तानुबाई, नंबर लावायला मानूस धाडायचं. बायांचा नंबर आता गावात धरत न्हाईत."

दोघं-तिघं हसले. मी तोंड उघडायच्या आत मनकर्णेनं डबा उचलला आन त्याच्या कानावर हानला. ही बाई कधी मोठ्यानं बोलत न्हाई. सनावाराला नवऱ्यानं लुगडं आनलं तर पदरात तोंड लपवून हसती. तिनं डबा हानला, त्यो बसला, तर दुसऱ्यांदा हानला. चंद्रभानचा कान फाटला. गिरनीवाल्यानं पट्टा बंद केला आन मधी पडला. मनकर्णा खाली बसून सांडलेली जवारी गोळा करायली, धुळीसकट.  मी म्हनलं, "मनकर्णे, बेस केलंस." ती म्हनली, "आक्का, मला लय भ्याव वाटायलंय."

तिचं भ्याव खरं व्हतं. फाटलेला कान घेऊन चंद्रभान गावातून फिरायचा, आन लोक त्याला इचारायचे, बाईनं हानलं का रं? त्यो नुसतं आमच्या घराकडं बघायचा.

दुसरी पाळी सुटली तवा नामांतराचा मोर्चा निघाला व्हता. एस्ट्या बंद, परभनीत बंदोबस्त, ठाण्यातले पोलीस तिकडं. गावात कुनी भायेरचं यायचं न्हाई, कुनी जायचं न्हाई. आमचा नंबर सकाळी लागला. आश्रुबानं आंघोळ केली, कपाळाला बुक्का लावला, धुतलेलं धोतर नेसला. मी म्हनलं, "नवरदेव झालास की रं." त्यो हसला.

"आक्का, तू चारीवर बस, कुठं फुटली तर लिंपायला. दारं मनकर्णा एकटी धरंल."

"एकटीला उरकंल का?"

"उरकतंय मला," मनकर्णा म्हनली आन फावडं खांद्यावर टाकून गेली. आमचं रान गेटापून खाली, मधी महालिंगआप्पाच्या कडब्याची मोठी गंज. रानातून गेट दिसायचं न्हाई, आन त्या दिसी वारा उलटा, आवाजबी पोचायचा न्हाई.

आश्रुबानं चाक फिरवलं. पानी चारीत उतरलं, वाळलेली माती चर्र करून पेयाली. पान्याच्या तोंडाला फेस, काड्या, मुंग्या. मी पान्यासंगं चालत गेले, घुशीची बिळं पायानं दाबत. पानी पहिल्या वाफ्यात गेलं तशी मनकर्णा मोठ्यानं म्हनली, "आलं!" आन मी परत गेटाकडं आले.

फटफटी आली. दिनकरराव, चंद्रभान, चंद्रभानच्या हातात कुऱ्हाड. मी उठले. माझे गुडघे आपोआप दुखाया लागले.

"आश्रुबा, उतर खाली," दिनकरराव म्हनला. आवाज गोड. "केळीचे घड लोंबायलेत. तासाभराचं काम हाय. मग घे तुझं."

"मालक, तासाभरात माझं पानी चारीतच मुरून जाईल. नंबर माझा हाय."

"नंबर तुझा हाय रं. मी कुठं न्हाई म्हनलं? मी मागायलोय."

"मागायलाव तर न्हाई म्हनतो."

दिनकररावाला कुनी न्हाई म्हनलेलं आमच्या गावानं आयकलं न्हवतं. त्याचं तोंड काळं पडलं. तो चंद्रभानला म्हनला, "उतरीव त्याला."

चंद्रभाननं कुऱ्हाड उलटी धरली आन दांड्यानं आश्रुबाच्या नडगीवर हानलं. हाडाचा आवाज झाला. आश्रुबा वाकला, पन सळई धरून ऱ्हायला. दुसरा गुडघ्यावर. तिसरा पाठीत. मी दगड उचलून फेकायले, एक चंद्रभानच्या खांद्याला लागला, त्यानं बघितलंबी न्हाई. मी त्याच्या कमरंला मिठी घातली, त्यानं कोपरानं माझं नाक फोडलं. मी पडले, पुन्हा उठले. मी वरडत व्हते, "आरं मारायलेत, आरं या रं!" चारीच्या दोन्ही अंगाच्या रानात मानसं व्हती. मला एकेक वळखू येत व्हता, कोन धोतरातला, कोन पायजम्यातला. कपाळाला हात लावून उभे. त्येंचे नंबर आमच्या मागं व्हते ना, त्येंना काय!

म्हातारे महालिंगआप्पा तेवढे धावत आले. "दिनकर, पाप करायलास," म्हनत त्येंनी त्याचा हात धरला. दिनकररावानं त्येंना ढकललं, ते चारीत आडवे झाले.

आश्रुबानं डोक्याचा पटका सोडला. मला वाटलं रगत पुसायलाय. त्यानं पटका कमरंभवती घेतला, सळईभवती घेतला आन गाठ मारली. दात खाऊन आवळली. म्हनला, "आता उतरीव."

चंद्रभानला काय झालं कुनास ठाऊक. कान आठवला का, का त्या गाठीनंच त्याचं डोस्कं फिरलं. त्यानं कुऱ्हाडीचा तुंबा, पात्यामागली बोथट बाजू, आश्रुबाच्या डोक्यात घातला. एकदाच. आश्रुबाची मान खाली आली. पटक्यानं धड तसंच उभं धरलं.

 चाकाखालून पानी जायचा तेवढा आवाज. दिनकरराव म्हनला, "आरं, डोस्क्यात कशाला... सोड त्याला, खाली घे." चंद्रभान गाठीला हात लावाया गेला.

मी कट्ट्यावर चढले. "हात लाव," मी म्हनलं, "नरडं फोडून रगत पेते तुझं." माझ्या नाकाचं रगत माझ्या तोंडातच व्हतं. मी कशी दिसत असेन, ते दोघंबी मागं सरले. चंद्रभाननं कुऱ्हाड क्यानलमधी फेकली. फटफटी सुरू झाली आन गेली.

"आप्पा, गाडी जुपा!" मी वरडले. "परभनीला न्यायचंय!" आप्पा वल्या धोतरानं, ठेचकाळत गावाकडं पळाले.

आश्रुबानं डोळे उघडले. एक डोळा रगतानं भरला व्हता. मी गाठ सोडाया लागले तर त्यानं माझं मनगट धरलं. "सोडू नगं. पानी कुठवर गेलं?"

"चुलीत जाऊ दे पानी! आश्रु, माज्या राजा, मनकर्णेला बोलावते मी—"

"नगं. ती दार टाकून पळत येईल. वाफे फुटतेल. भरू दे तिला."  त्याच्या तोंडातून घुर्र असा आवाज यायला. "आक्का, पानी दे."

मी वाकून चारीतलं पानी वंजळीत घेतलं. गढूळ. त्याच्या व्हटाला लावलं. थोडं गेलं, थोडं हनुवटीवरून छातीवर उतरलं. दुसरी वंजळ घेऊन वर आले तर तोंडातलं पानी तोंडातच व्हतं, आत जायना. लहानपनी मी त्याला कडंवर घेऊन हिंडले. माय जवारी काढाया जायची, हा माझ्या कडंवर. त्याचं डोस्कं माझ्या खांद्याला कसं टेकायचं मला ठावं हाय. तसंच टेकलं व्हतं, पन जड.

आप्पा बैलगाडी घेऊन आले. बैलं धापत व्हती. आप्पांनी गाडीतून उतरून आश्रुबाच्या नाकाशी हात नेला, बराच येळ धरला, आन मग जू सोडलं.

"मनकर्णा?" त्येंनी इचारलं.

"भरायली," मी म्हनलं. "त्यानंच सांगितलंय भरू दे म्हनून. आप्पा, मानूस गेटावर हाय. नंबर आमचा हाय."

आप्पाच्या भुईमुगाचीबी पानं माना टाकून व्हती, मला दिसत व्हतं. आप्पा खाली मातीत बसले आन म्हनले, "भरू दे, बाई."

ऊन कलाया लागलं तवा गंजीच्या आडून मनकर्णा आली. मांडीपतूर चिखल, लुगड्याचा काष्टा वला, खांद्यावर फावडं. लांबूनच बोलत आली, हसत आली. "आवो, भरलं की समदं! कोपऱ्यातला वाफाबी भरला! आक्का, आता चाक..." आन मग तिनं बघितलं.

ती रडली न्हाई. माझ्याकडं आली आन फावड्याच्या दांड्यानं माझ्या खांद्यावर हानलं. "मला का हाक मारली न्हाई? का मारली न्हाई?" पुन्हा हानलं. "जळू द्यायच्या व्हत्या की शेंगा! जळू द्यायच्या व्हत्या!" मी आडवा हात केला न्हाई. आप्पांनी तिचा दांडा धरला.

"त्यानं न्हाई म्हनून सांगितलं, माय," मी म्हनलं. "तू दार टाकून येशील म्हनला."

तिनं दांडा सोडला आन आश्रुबाच्या पायावर हात ठिवला. "पानी मागितलं का?"

"मागितलं. पाजलं."

"किती पेले?"

"घोटभर."

आता रानातली मानसं जवळ आली. मघा कपाळाला हात लावलेली. कुनी म्हनलं, वाईट झालं. कुनी म्हनलं, लेकरूबाळबी न्हाई. पोलीस पाटील माणिकराव आला, आश्रुबाभवती एक फेरी मारली आन म्हनला, "ठाण्यात बंदोबस्तामुळं कुनी न्हाई. कळवावं तर लागंल. गेटावरून पाय घसरला, डोस्कं सळईवर आपटलं, असं सांगू. कशाला उगं गावात वाढवायचं?"

मी माझ्या उभ्या जलमात शिवी इसरले न्हवते. तवा इसरले.

मनकर्णेनं पटक्याची गाठ सोडली. रगतानं कडक झालेली, दातानं सोडवली. चौघांनी आश्रुबाला उचलून आप्पाच्या गाडीत ठिवलं. गेट रिकामं झालं. समद्यांची नजर एकदमच गेटाकडं गेली, मला कळली ती. डोळे मढ्याकडं, आन बुबुळं कट्ट्यावर.

मनकर्णा कट्ट्यावर चढली. तिनं चाक उलटं फिरवलं. चारीतलं पानी उतराया लागलं, मग थांबलं. ती सळईला पाठ लावून बसली आन फावडं मांडीवर घेतलं.

"हे काय करायलीस?" माणिकराव म्हनला.

"नंबर आमचा हाय. घरचं मानूस गेटावर हाय."

"पन तुमचं रान तर भिजलं की! आन बाईचं ठरलं न्हाई—"

"मग या," ती म्हनली, "वडा मला खाली. तानाक्काला वढलं तसं. कोन येतंय?"

कुनी हाललं न्हाई.

"ज्यानं मारलं आन ज्यानं मारा म्हनलं, ते दोघं हिथं आना. तवर थेंब न्हाई. क्यानल बंद झाला तर व्हऊ द्या. माझं भिजलंय, तुमचं वाळू द्या."

माणिकरावानं समजावलं, हात जोडले, मग दमबी दिला. मनकर्णा खाली बघत ऱ्हायली. दुसऱ्या दिसी सकाळी क्यानल बंद व्हनार, हे समद्यांना ठावं. रानारानात पाला माना टाकायला व्हता. मी गाडीत भावाचं डोस्कं मांडीवर घेऊन बसले व्हते आन ह्येंची तोंडं बघत व्हते. आधी एक जन उठला. मग दोन. मग काठ्या घेऊन समदेच गावाकडं निघाले.

दिनकररावाला त्येंनी घरातून वढून काढला. त्यानं दाराला कडी लावली व्हती, ती दारासकट मोडली. चंद्रभान गोठ्यात, गव्हानीत कडब्याखाली दडला व्हता. त्याला केस धरून आनला. वाटंनं दोघांनाबी तुडवला. दिनकररावाचं धोतर फिटलं, ते कुनी उचललं न्हाई. माझ्या भावावर कुऱ्हाड पडायली तवा ज्येंनी खुरपं खाली ठिवलं न्हाई, ते आता तोंडाला फेस येईस्तोर मारत व्हते. एकानं चंद्रभानच्या तोंडावर लाथ घातली आन म्हनला, "माझ्या शेंगा जाळतोस का भाड्या!" मला हसू आलं. खरं सांगते, मढं मांडीवर असून मला हसू आलं. आश्रुबासाठी कुनी उठलं न्हाई. पान्यासाठी उठले.

दोघांना दाव्यानं आप्पाच्या गाडीच्या चाकाला बांधलं. दिनकररावाचे दात पडले व्हते. तो माझ्याकडं बघून म्हनला, "तानुबाई, सांगा ह्येंना, थोडं पानी द्या म्हनाव." मी त्याच्या तोंडावर थुंकले.

"काय सांगनार ठाण्यात?" मनकर्णेनं कट्ट्यावरून इचारलं.

माणिकराव म्हनला, "चंद्रभाननं कुऱ्हाडीनं मारलं. दिनकररावानं सांगितलं."

"कुनी बघितलं?"

 मग एक म्हनला, "मी बघितलं." मग दुसरा. मग समदेच म्हनाया लागले, मी बघितलं, मी बघितलं, एकमेकाच्या अंगावर पडून.

मनकर्णा उठली. पदर सारखा केला. "म्होरला नंबर कोनाचा हाय?"

"माझा, माय," महालिंगआप्पा म्हनले. पन ते जागचे हालंनात. त्येंच्या डोळ्यातून पानी गळत व्हतं, दाढीतून खाली. "मला नगं पानी. जाऊ दे माझं."

"या," मनकर्णा म्हनली. तिनं हात दिला आन म्हाताऱ्याला कट्ट्यावर वढून घेतलं. "फिरवा आप्पा. तुमच्या शेंगानं काय पाप केलंय?"

आप्पाच्यानं चाक फिरंना. मग तिनंबी हात लावला, दोघांनी मिळून फिरवलं. पानी चारीत पडल्याचा आवाज झाला. मनकर्णेचा पाय कट्ट्यावरून खाली, मातीला लागला, आन तवा कुठं तिनं हंबरडा फोडला.